वॉट किती, वारा किती, धूळ किती?

विजेच्या उपकरणांच्या दुकानात गेलात, तर व्हॅक्यूम क्लीनरचे एखादे खोके हातात घेऊन नीट पाहा. त्यावर सर्वांत ठळक अक्षरांत बहुधा एक आकडा छापलेला असतो : १२०० वॉट, १६०० वॉट किंवा २००० वॉट. आकडा जितका मोठा तितकी सफाई चांगली, अशी गिऱ्हाइकाची समजूत होते आणि ती दूर करण्याच्या भानगडीत विक्रेता सहसा पडत नाही.

पण वॉट हे कशाचे माप आहे, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. यंत्र दर सेकंदाला किती ऊर्जा घेते, ते वॉटमध्ये सांगतात. म्हणजे खोक्यावरचा आकडा यंत्राची भूक सांगतो. त्या भुकेच्या बदल्यात यंत्र जमिनीवरची किती धूळ उचलते, याचा त्यात उल्लेखही नसतो. कामगार किती भाकरी खातो यावरून त्याने किती विटा वाहिल्या हे ठरवावे, तसाच हा प्रकार झाला.

मग या यंत्राचे काम मोजायचे कसे? यासाठी तीन निरनिराळी मापे घ्यावी लागतात. ती कोणती, आणि घड्याळ, मोजपट्टी, तराजू व थोडी वाळू एवढ्या सामग्रीवर ती शाळेत कशी घेता येतील, हे या लेखात पाहू.

हवा ओढते की ढकलते?

प्रथम यंत्राच्या नावाबद्दल थोडेसे. ‘व्हॅक्यूम’ म्हणजे निर्वात पोकळी. प्रत्यक्षात या यंत्रात निर्वात पोकळी कोठेच नसते. विजेच्या मोटारीवर बसवलेला पंखा अतिशय वेगाने फिरतो आणि यंत्रातील हवा बाहेर फेकतो. त्यामुळे आतील हवेचा दाब थोडा उतरतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो. घरगुती यंत्रात तो उतरून उतरून ८०,००० पास्कलच्या आसपास येतो. बाहेरची जादा दाबाची हवा नळीच्या तोंडातून आत घुसते आणि वाटेतील धूळ आपल्याबरोबर घेऊन जाते. तेव्हा ‘यंत्र धूळ ओढते’ असे आपण म्हणत असलो, तरी धुळीला आत ढकलण्याचे काम बाहेरची हवाच करते.

ही कल्पना १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने यशस्वी करून दाखवली. त्यापूर्वीची काही यंत्रे दाबाखालची हवा सोडून धूळ उडवीत. तसे एक यंत्र पाहिल्यावर, हवा सोडण्याऐवजी आत घेतली तर, असा प्रश्न बूथला पडला. त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवला, त्यावर तोंड टेकवले आणि जोराने श्वास आत घेतला, असे सांगतात. त्याला ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठिपका उमटला होता! त्याचे पहिले यंत्र एवढे प्रचंड होते की ते घोडागाडीवरून न्यावे लागे. गाडी रस्त्यात उभी करून लांबलचक नळ्या खिडक्यांमधून घरात सोडीत. बूथचा तो रुमाल लक्षात ठेवा. शेवटी तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

पहिले माप : ओढ

नळीचे तोंड पूर्ण बंद केले असता यंत्राच्या आतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा किती कमी होतो, हे पहिले माप. याला यंत्राची ओढ म्हणू.

ती मोजण्यासाठी सुमारे १० सें.मी. चौरस अशी एक सपाट लाकडी फळी घ्या. तिच्या एका बाजूस सायकलच्या ट्यूबचे रबर सपाट चिकटवा व दुसऱ्या बाजूस मध्यभागी एक हूक बसवा. हुकाला एक हलका डबा टांगा आणि त्यात मोजून एक किलो वाळू घाला. आता दांडा व ब्रश काढलेल्या नळीचे तोंड खाली करून दुसऱ्या एकाने ते घट्ट धरावे. यंत्र सुरू करून फळीची रबराची बाजू तोंडाशी भिडवा. फळी चिकटून डबा लोंबकळत राहिला, तर यंत्र बंद करा, आणखी शंभर ग्रॅम वाळू घाला आणि पुन्हा पाहा. असे करीत गेल्यास एका वजनाला फळी सुटून पडेल. खाली जुनी गादी अंथरा आणि पाय दूर ठेवा. नळीवर हवा सोडण्याची सरकती खिडकी असेल, तर ती बंद करायला विसरू नका. एका वेळी तोंड दहा सेकंदांहून अधिक बंद ठेवू नये. कारण पुष्कळशा यंत्रांत आत येणारी हवाच मोटारीला थंड ठेवते.

समजा, फळी, डबा व वाळू मिळून १.६ किलो भार पेलला गेला. हे बल झाले १.६ × ९.८ म्हणजे सुमारे १५.७ न्यूटन. नळीचा आतला व्यास ३२ मि.मी. असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौ. सें.मी., म्हणजे ०.०००८ चौ. मीटर भरते. बलाला क्षेत्रफळाने भागा. उत्तर येते सुमारे १९,६००, म्हणजे जवळजवळ २०,००० पास्कल. हीच त्या यंत्राची ओढ. एवढ्या दाबाने उभ्या नळीत पाणी सुमारे दोन मीटर चढेल. (हा प्रयोग पाण्याने करू नका. विजेच्या यंत्रात पाणी शिरले तर जिवाला धोका आहे.)

दुसरे माप : वारा

नळीचे तोंड बंद असताना ओढ सर्वांत जास्त असते, पण त्या वेळी हवा वाहतच नाही. आणि हवा वाहिल्याखेरीज धूळ हलणार कशी? म्हणून यंत्रातून दर सेकंदाला किती हवा वाहते, हे दुसरे माप.

नव्या गादीला गुंडाळलेली येते तशी पॉलिथिनची मोठी पिशवी मिळवा. ती फुगवून तिचा घेर आणि लांबी मोजा. घेर १५७ सें.मी. असेल, तर त्रिज्या २५ सें.मी. आली. लांबी एक मीटर धरली, तर पिशवीत सुमारे २०० लिटर हवा मावेल. आता पिशवी चपटी करून तिचे तोंड नळीभोवती बांधा आणि नळी यंत्राच्या हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला जोडा. यंत्र सुरू होताच घड्याळ सुरू करा आणि पिशवी पूर्ण फुगताच थांबवा. तसे तोंड यंत्राला नसेल, तर उलट करा : फुगवलेली पिशवी नळीने रिकामी करा. पॉलिथिन नळीच्या तोंडाला चिकटू नये, म्हणून ते तोंड तारेच्या जाळीच्या टोपलीत ठेवा. प्रयोग झाल्यावर पिशवी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

समजा, पिशवी फुगायला ५ सेकंद लागले. म्हणजे दर सेकंदाला ४० लिटर हवा वाहिली. ८ चौ. सें.मी. तोंडातून एवढी हवा जायची, तर तिचा वेग सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर हवा. हे तर चक्रीवादळ झाले!

परंतु हे वादळ तोंडापुरतेच असते. तोंडाकडे येणारी हवा चहूबाजूंनी येते. तोंडापासून ५ सें.मी. अंतरावर एका काल्पनिक गोलाची कल्पना करा. त्याचे पृष्ठफळ सुमारे ३१४ चौ. सें.मी. आहे. तेवढीच हवा या मोठ्या पृष्ठातून आत येत असल्याने तिथे तिचा वेग सेकंदाला जेमतेम सव्वा मीटर राहतो. अंतर १० सें.मी. केले, की तो आणखी चौपट कमी होतो. याचा पडताळा यंत्राशिवायही घेता येतो. हातभर अंतरावरची मेणबत्ती तुम्ही फुंकर मारून सहज विझवाल. पण तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहा बरे! फुंकरीची हवा एका दिशेने धावते, ओढलेली हवा सगळीकडून थोडी थोडी येते. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड जमिनीला चिकटून का फिरवावे लागते आणि त्याची फट अरुंद का असते, याचे कारण हेच.

दोन्ही मापे एकदम मिळत नाहीत

काही खोक्यांवर ओढ आणि हवेचा प्रवाह असे दोन्ही आकडे छापतात. दोन्ही खरे असू शकतात. मात्र ओढीचा आकडा तोंड बंद असतानाचा आणि प्रवाहाचा आकडा तोंड उघडे असतानाचा असतो. ही दोन्ही टोके एकाच वेळी कधीही मिळत नाहीत. प्रत्यक्ष काम चालते ते या दोहोंच्या मध्ये.

प्रयोगशाळेत यासाठी एक हवाबंद पेटी वापरतात. यंत्राची नळी पेटीला जोडतात आणि पेटीच्या दुसऱ्या बाजूस लहानमोठ्या भोकांच्या चकत्या एकामागून एक बसवतात. भोक जसे मोठे तशी हवा जास्त येते आणि पेटीतला दाब कमी उतरतो. भोकाचा आकार आणि दाबातील फरक माहीत असला, की प्रवाह गणिताने काढता येतो. दाबातील फरक पास्कलमध्ये आणि प्रवाह दर सेकंदाला घनमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार केला, की उत्तर थेट वॉटमध्ये मिळते. ही हवेची शक्ती, म्हणजे यंत्राने हवेवर प्रत्यक्ष केलेले काम.

आपल्या उदाहरणातील यंत्राची ओढ प्रवाह वाढेल तशी सरळ रेषेत उतरते असे मानू. मग हिशेब असा होतो :

प्रवाह ० लिटर, दाबातील फरक २०,००० पास्कल : शक्ती ० वॉट
प्रवाह १० लिटर, दाबातील फरक १५,००० पास्कल : शक्ती १५० वॉट
प्रवाह २० लिटर, दाबातील फरक १०,००० पास्कल : शक्ती २०० वॉट
प्रवाह ३० लिटर, दाबातील फरक ५,००० पास्कल : शक्ती १५० वॉट
प्रवाह ४० लिटर, दाबातील फरक ० पास्कल : शक्ती ० वॉट

हे आकडे आलेखकागदावर मांडा. तुम्हांला एक सुबक अन्वस्त मिळेल. त्याचा माथा बरोबर मध्यावर आहे. यंत्र १२०० वॉट वीज घेत असेल, तर माथ्यावरसुद्धा हवेच्या वाट्याला तिचा सहावा हिस्सा आला. उरलेली ऊर्जा उष्णता आणि आवाज यांत जाते. बाहेर पडणारी हवा कोमट का लागते, ते आता ध्यानात येईल.

येथे एक गंमत सांगतो. नळीचे तोंड हाताने बंद केले की मोटारीचा आवाज चढतो. मोटारीला फार कष्ट होतात म्हणून ती ओरडते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. तोंड बंद झाल्यावर पंख्याला हलवायला हवाच उरत नाही. ओझे कमी झाल्याने मोटार अधिक वेगाने फिरू लागते, म्हणून सूर चढतो. त्या वेळी विजेचे मापक लावले, तर यंत्र वीजही कमी घेताना दिसते. तोंड काही न टेकवताही आवाज चढलेला असेल, तर पिशवी भरली आहे किंवा नळीत काही अडकले आहे, असे समजावे.

तिसरे माप : धूळ

हवेची शक्ती मोजली म्हणजे सफाई मोजली असे होत नाही. सतरंजीच्या धाग्यांत रुतलेला कण नुसत्या वाऱ्याने सुटत नाही. त्याला ब्रशने हलवावे लागते. तोंडाचा आकार, ब्रशची ठेवण, हात फिरवण्याचा वेग या सर्वांवर परिणाम अवलंबून असतो. म्हणून अखेरीस धुळीचेच वजन करावे लागते.

आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने यासाठी कसोटी ठरवून दिली आहे. ठराविक विणीच्या गालिच्यावर डोलोमाइट खडकाची भुकटी दर चौ. मीटरला १२५ ग्रॅम या प्रमाणात पसरतात, रूळ फिरवून ती धाग्यांत दाबतात आणि यंत्राचे तोंड सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने पाच वेळा पुढे-मागे फिरवतात. पसरलेल्या धुळीपैकी किती उचलली गेली, ते गुणोत्तर म्हणजे यंत्राचा निकाल.

तुम्हांला डोलोमाइट शोधत फिरायला नको. घरात रांगोळी असेलच. तीही दगडाचीच भुकटी. एक मीटर लांबरुंद सतरंजी झटकून घ्या. १२५ ग्रॅम रांगोळी चाळणीने तिच्यावर सारखी पसरा आणि लाटण्याने दाबून घ्या. नाकातोंडाला रुमाल बांधा, कारण दगडाची बारीक भुकटी फुप्फुसांना वाईट. यंत्रातील धुळीची पिशवी आधी तोलून ठेवा. मग मित्राला ‘एक, दोन’ असे सेकंद मोजायला सांगून, दोन सेकंदांत सतरंजीचे एक टोक ते दुसरे टोक अशा गतीने प्रत्येक पट्टा पाच वेळा पुढे-मागे साफ करा आणि पिशवी पुन्हा तोला. वजन ७५ ग्रॅमने वाढले असेल, तर ७५ भागिले १२५, म्हणजे शेकडा ६० धूळ उचलली गेली.

सतरंजीच आधी व नंतर का तोलू नये, असे तुम्ही विचाराल. सुती सतरंजी हवेतील ओलावा शोषते. दोन किलोच्या सतरंजीचे वजन ओलाव्याने शेकडा एकने जरी बदलले, तरी २० ग्रॅमची चूक झाली. आपण मोजतो आहोत ती धूळच १२५ ग्रॅम! पावसाळ्यात तर या हिशेबाचा बोजवारा उडेल. मोठ्या वजनातला लहान फरक शोधण्यापेक्षा लहान वस्तूचे वजन करणे केव्हाही बरे. प्रयोग निदान तीनदा करा आणि सरासरी घ्या. तीन उत्तरांत फार अंतर पडले, तर रांगोळी पसरण्यात किंवा गतीत फरक पडला असे समजून पुन्हा करा.

रिकामी पिशवी की भरलेली?

आता एक महत्त्वाचा प्रश्न. कसोटी घेताना पिशवी रिकामी असावी की अर्धी भरलेली? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो युरोपातील न्यायालयापर्यंत गेला.

युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटपेक्षा मोठे व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणण्यास बंदी केली आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ही मर्यादा ९०० वॉटवर आणली. त्याबरोबरच गालिच्यावरील व फरशीवरील धूळ किमान किती उचलली पाहिजे, याचीही अट घातली. कारखानदारांनी वॉटची चढाओढ सोडून तोंडाची रचना, पंखे आणि हवेचे मार्ग सुधारावेत, हा उद्देश होता. यंत्राची प्रत दाखवणारी चिठ्ठीही प्रत्येक यंत्रावर लावणे सक्तीचे झाले.

त्या चिठ्ठीसाठी यंत्राची परीक्षा रिकाम्या पिशवीनिशी होत असे. डायसन या पिशवी नसलेली यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने याला आक्षेप घेतला. घरात यंत्र काही रिकाम्या पिशवीने चालत नाही. धूळ साठत जाते, पिशवीची छिद्रे बुजतात आणि प्रवाह घटतो, असे तिचे म्हणणे होते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने हा आक्षेप मान्य केला व चिठ्ठीचा नियम रद्द ठरवला. जानेवारी २०१९ पासून ती चिठ्ठी गेली. वॉटची मर्यादा मात्र वेगळ्या नियमात असल्याने टिकून राहिली.

या खटल्यात कोणाचे आकडे खोटे नव्हते. रिकाम्या पिशवीचे माप बरोबरच होते. पण गिऱ्हाईक जे विचारत होते त्याचे ते उत्तर नव्हते. तुम्हीही पॉलिथिनच्या पिशवीचा प्रयोग यंत्राची धुळीची पिशवी रिकामी असताना आणि निम्मी भरलेली असताना असा दोनदा करा. दोन वेळांतील फरक पाहिलात, की न्यायालयापुढचा वाद तुम्हांला चांगला समजेल.

वजनाला न सापडणारी धूळ

इतके करूनही तराजूच्या हातून एक गोष्ट निसटते. एक मि.मी.चा दहावा भाग एवढ्या व्यासाचा वाळूचा एक कण घ्या. त्याच्या शंभरपट लहान व्यासाचे कण तेवढ्याच वजनाचे भरायला किती लागतील? घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणून १०० × १०० × १००, म्हणजे दहा लाख! फुप्फुसात खोलवर जातात ते हेच बारीक कण. ते पिशवीच्या कापडातून आरपार जाऊन खोलीत परत आले, तरी तराजूचा काटा हलणार नाही.

येथे बूथचा रुमाल कामी येतो. पांढरा हातरुमाल किंचित ओलसर करून पिळून घ्या आणि यंत्राच्या हवा बाहेर पडण्याच्या वाटेसमोर चार बोटे अंतरावर पाच मिनिटे धरा. यंत्र सावरीसारख्या जुन्या धुळीवर चालू ठेवा. तशाच दुसऱ्या रुमालाशी तो ताडून पाहा. तो मळला असेल, तर यंत्र जमिनीवरची धूळ हवेत पाठवते आहे. त्याची गाळणी बदलण्याची वेळ झाली, किंवा मुळात ती पुरेशी बारीक नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी दोन हजार वॉटचे कौतुक सांगू लागला, तर त्याला हे प्रश्न नम्रपणे विचारा : तोंड बंद असताना ओढ किती? उघडे असताना प्रवाह किती? गालिच्यावरची शेकडा किती धूळ उचलते, आणि ती मोजताना पिशवी रिकामी होती की भरलेली? गाळणी कसली आहे? शाळेत किंवा शेजारी असे एखादे यंत्र असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली वरचे प्रयोग करून पाहा. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या परिस्थितीत मिळाला हेही वहीत लिहा. तेवढे लिहिलेले नसेल, तर वर्षभराने तो आकडा तुमचा तुम्हांलाच उपयोगी पडणार नाही.